मुलांना डोंगरात नेताना धोका कसा तोलायचा

जून उजाडला की पालकांचे फोन सुरू होतात. पावसाळी भटकंतीचे वेळापत्रक जाहीर झालेले असते, मुलाने किंवा मुलीने घरी हट्ट धरलेला असतो आणि पलीकडून येणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "ताई, सुरक्षित आहे ना?" अकरा ते सोळा वर्षे वयाच्या मुलांना सह्याद्रीत घेऊन जाणाऱ्या पुण्यातील एका हौशी मंडळात मी बरीच वर्षे काम करते आहे आणि या प्रश्नाला नुसते "हो" म्हणण्याचे मी टाळते. डोंगर सुरक्षित नसतो, तसा तो टपून बसलेला वैरीही नसतो. अमुक वाटेने, अमुक हवेत, अमुक मुलांना, अमुक माणसांच्या देखरेखीखाली न्यावे की नाही, एवढेच आपल्याला ठरवता येते, आणि तेही पुन्हा पुन्हा ठरवावे लागते : आदल्या आठवड्यात, आदल्या रात्री, पायथ्याशी आणि प्रत्येक ओढ्याच्या काठावर. हे ठरवताना मी कशाला किती वजन देते, ते आज सविस्तर लिहिते.

अशा उपक्रमांसाठी जोखमीचा तक्ता भरण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. एका रकान्यात धोका लिहायचा, दुसऱ्यात तो घडण्याच्या शक्यतेला एक ते पाच गुण द्यायचे, तिसऱ्यात परिणामाच्या तीव्रतेला एक ते पाच गुण द्यायचे आणि चौथ्यात दोहोंचा गुणाकार मांडायचा. तक्ता भरायला माझा विरोध नाही, कारण तो भरताना निदान धोक्यांची नावे तरी कागदावर येतात. अडचण गुणाकारात आहे. गुडघा खरचटण्याची शक्यता पाच आणि तीव्रता एक, म्हणून गुणाकार पाच. ओढ्यात वाहून जाण्याची शक्यता एक आणि तीव्रता पाच, म्हणून गुणाकार पुन्हा पाचच. तक्त्याच्या लेखी दोन्ही गोष्टी सारख्या ठरतात. ज्याने मुलांना डोंगरात नेले आहे, त्याला हे बरोबरीचे चिन्ह मान्य होणार नाही.

म्हणून मी गुणाकाराच्या आधी एक साधी वाटणी करते. जी हानी भरून येते ती एकीकडे आणि जी भरून येत नाही ती दुसरीकडे. खरचटणे, पाय मुरगळणे, भिजणे, भूक लागणे, अर्धा तास वाट चुकणे, तंबूत रडू येणे, कातळाला बिलगून पाय लटपटणे ही पहिली यादी. ती लांबलचक आहे. दुसरी यादी अगदी आखूड आहे : वाहते पाणी, उंचीवरून पडणे, वीज आणि उष्माघात. गंमत अशी, की मोठ्यांची बहुतेक शक्ती पहिल्या यादीवरच खर्च होते. पालकसभेत जळवांविषयी विचारले जाते, सापांविषयी तर हमखास विचारले जाते, जेवणात तिखट किती असेल हेही विचारले जाते. वाटेत ओढे किती आहेत आणि त्यांतला कोणता परतीच्या वेळी ओलांडावा लागेल, हे आजवर फार क्वचित कोणी विचारले आहे.

या वाटणीला एक पोटनियम आहे. मदत जितकी दूर, तितकी पहिल्या यादीतली दुखापत दुसऱ्या यादीकडे सरकते. सिंहगडाच्या वाटेवर घोटा मुरगळला तर मुलाला आधार देत खाली आणता येते आणि संध्याकाळी घरी बर्फाने शेकता येते. तोच घोटा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत, सतत दगड सुटणाऱ्या त्या अरुंद घळीत, दुपारी तीननंतर मुरगळला तर त्या मुलाबरोबर सगळ्या गटाची रात्र उघड्यावर जाते. सर्पदंशाचेही तसेच आहे. घोणस किंवा फुरसे चावलेल्या मुलाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचवता आले तर वाचण्याची आशा चांगली असते. म्हणून वाट निवडताना मी सापांपेक्षा त्या रुग्णालयापर्यंतचे अंतर मोजते, आणि १०८ ची रुग्णवाहिका कोणत्या वाडीपर्यंत येऊ शकते याची चौकशी आधीच गावात करून ठेवते.

आता पाण्याविषयी. सह्याद्रीत मुलांना नेणाऱ्याने सगळ्यांत जास्त वेळ कशाच्या विचारात घालवावा असे कोणी मला विचारले, तर मी पाण्याचे नाव घेईन आणि दुसऱ्या क्रमांकाचे नाव बऱ्याच अंतराने घेईन. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातील एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यांत लहान मुले होती. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे अनेकांनी मोबाईलवर पाहिली. ती मंडळी तिथे पोहोचली तेव्हा पाणी इतके नव्हते, हे त्या घटनेतले सगळ्यांत महत्त्वाचे वास्तव आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील ओढ्यांची पाणलोट क्षेत्रे लहान आणि उतार तीव्र असतात. वर पठारावर मोठी सर आली, की खाली आपल्या डोक्यावर थेंबही नसताना काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पाने आणि काटक्या वाहत येणे, आवाज बदलणे या खुणा मुलांना शिकवता येतात आणि शिकवाव्यातच, पण त्या दिसतात तेव्हा हातात उरलेला वेळ फार थोडा असतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या मुलांना प्रवाहाच्या मध्यावर थांबायची परवानगी नसते, मग फोटो कितीही चांगला येणार असो.

हाच प्रकार वेगळ्या रूपात ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात घडला होता. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीला गेले असताना मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरले, वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. तिथे पाऊसही नव्हता. आपल्याकडे भिरा, कोयना, भंडारदरा या परिसरांत जाणाऱ्यांनी ही घटना विसरू नये, कारण धरणाच्या खालच्या पात्राचे वेळापत्रक आकाशाकडे पाहून कळत नाही. ते गावातल्या माणसाला किंवा प्रकल्पाच्या कर्मचाऱ्याला विचारावे लागते.

पाण्याच्या जोराविषयी एक हिशेब मी मुलांना शाळेतल्या विज्ञानाच्या भाषेत सांगते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की अंगावर येणारा जोर दुपटीने नव्हे, तर चौपटीने वाढतो. गुडघ्याएवढे वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडू शकते, आणि गुडघ्याएवढे म्हणताना गुडघा कोणाचा, हेही पाहावे लागते. माझ्या गुडघ्यापर्यंतचे पाणी सहावीतल्या मुलीच्या मांडीपर्यंत येते. इथे एक धोकादायक सवय मुद्दाम नोंदवते. ओढा ओलांडताना मुलाच्या कमरेला दोर बांधून तो दोन्ही काठांवर ताणून धरण्याचा प्रकार मी अनेक गटांत पाहिला आहे, आणि तो करणाऱ्यांना आपण जास्तीची काळजी घेत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. पाय सुटला तर ताणलेला दोर त्या मुलाला एका जागी अडकवतो आणि वरून येणारे पाणी त्याला खाली दाबते. दोर नसता तर ते मूल कदाचित दहा-वीस फुटांवर काठाला लागले असते. दोराच्या साहाय्याने ओढा ओलांडण्याचे शास्त्र आहे, पण ते स्वतंत्रपणे शिकावे लागते, आणि ज्या ओढ्याला दोर लागतो तो ओढा शाळकरी मुलांसाठी नाही, असा सोपा नियम आम्ही ठेवला आहे. थांबणे मात्र जवळजवळ नेहमी शक्य असते. लहान पाणलोटाचा ओढा जसा झपाट्याने चढतो, तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही. सोबत कोरडे कपडे, चिवडा आणि एक मोठी ताडपत्री असेल तर ते काही तास कंटाळवाणे जातात, इतकेच.

भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांचा उपयोग या संदर्भात समजून करावा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस, अशी त्यांची वर्गवारी आहे. रंगांचे इशारे मुख्यतः जिल्ह्यासाठी असतात, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असू शकतो. पुणे जिल्ह्यातच ताम्हिणी आणि बारामती दोन्ही आहेत, एवढे सांगितले तरी मुद्दा लक्षात येईल. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर आम्ही जात नाही. पिवळा असेल तर ओढे नसलेली वाट घेतो. आणि कोणताही इशारा नसला तरी आदल्या तीन-चार दिवसांत किती पाऊस झाला हे पाहतो, कारण पाणी पिऊन तट्ट झालेली जमीन पुढची सर आत घेत नाही, ती तशीच ओढ्यात सोडते. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी मनाई आदेश काढतात. ते काहींना जाचक वाटतात, मलाही त्यांतले काही सरसकट वाटतात, परंतु मुलांना घेऊन त्या आदेशाला बगल देणाऱ्या आयोजकाकडे मी माझे मूल पाठवणार नाही.

समुद्र आणि तलाव यांचा माझा अनुभव तोकडा आहे, त्यामुळे थोडक्यात आटोपते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि लाइफ जॅकेट मोजक्यांच्याच अंगावर होते. या दोन्ही सहली कोणत्याही अर्थाने साहसी नव्हत्या. ज्या दिवशी 'साहस' असे कुठेच लिहिलेले नसते, त्या दिवशी तक्ता भरला जात नाही, माणसे मोजली जात नाहीत आणि पोहता येणाऱ्यांची वेगळी यादी केली जात नाही. शाळांनी दोराच्या प्रात्यक्षिकापेक्षा किनाऱ्यावरच्या 'मोकळ्या तासाची' चिंता अधिक करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचीकडे वळते. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे), व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणे) यांसारखे दोराचे प्रकार पालकांना सर्वांत भीतिदायक वाटतात, आणि नीट केले तर तेच सर्वांत आटोक्यातले असतात, कारण तिथे प्रत्येक दुव्याला दुसरा दुवा जोडता येतो. दोर बांधण्याचे दोन स्वतंत्र भक्कम आधार (अँकर), मुख्य दोराशिवाय वेगळा सुरक्षा दोर, दोर अडकवण्याच्या कुलूप असलेल्या कड्या (कॅराबिनर), प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, आणि अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या जाळीची, म्हणजे हार्नेसची, प्रत्येक पट्टी बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने तपासणे, ही साखळी पाळली तर एका माणसाच्या चुकीने मूल पडत नाही. पालकांना दिसणारा तो उभा कडा म्हणूनच मला कमी घाबरवतो. मला घाबरवते ती दोर न लावलेली, 'सोपी' म्हणून गणली गेलेली, दीड फूट रुंदीची आडवी वाट, जिच्या एका बाजूला ओले गवत आणि गवतापलीकडे दरी असते. मुले तिथे गप्पा मारत चालतात. अशा जागी पुढे-मागे मोठा माणूस ठेवून मुलांना पाच-पाचच्या तुकडीत नेणे, पाठपिशव्यांचे लोंबते पट्टे आत खोचायला लावणे आणि मोबाईल बंद करून पिशवीत टाकायला लावणे, यांत वीस मिनिटे जातात. ती वेळापत्रकात आधीच धरावी लागतात, नाही तर ती कोणीच देत नाही.

हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आता देशभर प्रसिद्ध आहेत. पायऱ्यांना हात घालण्यासाठी खोबणी आहेत, चढताना त्या बऱ्यापैकी आधार देतात, आणि एकट्या गटाला कोरड्या दिवशी त्या पायऱ्यांवर सांभाळून नेता येते. पण चढायची आणि उतरायची वाट तीच असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी वरचे आणि खालचे लोक मध्येच समोरासमोर येतात, आणि मग मुलाच्या सुरक्षिततेचा हिशेब त्याच्या स्वतःच्या पायांवर न राहता वरून घसरणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या बुटांवर येऊन ठेपतो. गर्दी हा धोका आहे, हे आपल्याला पटायला जड जाते, कारण आजूबाजूला माणसे असली की आपल्याला उगीचच निर्धास्त वाटते. आम्ही अशा ठिकाणी मुलांना आठवड्याच्या मधल्या दिवशी, पाऊस संपल्यावर नेतो किंवा नेतच नाही.

लोखंडी शिड्या, कठडे, साखळ्या यांविषयी माझे मत दुहेरी आहे. कळसूबाईच्या शिड्यांमुळे हजारो लोक १६४६ मीटरच्या त्या माथ्यावर पोहोचू शकले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सोय ही माणसाला त्याच्या कुवतीपलीकडे ओढूही शकते. याचे फार कठोर उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरोच्या एका शाळेतील मुलांचे दोन गट केर्नगॉर्म पठारावर निघाले. वर एक छोटा दगडी निवारा होता आणि तिथे रात्र काढायचे ठरले होते. अनुभवी गट पोहोचला. कमी अनुभवी गट हिमवादळात वाटेतच अडकला आणि पाच विद्यार्थी व त्यांची अठरा वर्षांची साहाय्यक मार्गदर्शक थंडीने मृत्युमुखी पडले. पुढे चौकशीनंतर बराच वाद होऊन तो निवारा चक्क पाडून टाकण्यात आला. बर्फात निवारा पाडायचा, हे पहिल्यांदा वाचताना विपरीत वाटते. पण तो नसता तर कदाचित त्या हवेत त्या मुलांना पठारावर न्यायचे कोणाच्या मनातच आले नसते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आपल्याकडे नवा कठडा बसतो तेव्हा मी हाच प्रश्न स्वतःला विचारते : या कठड्यामुळे आपण मुलांना अशा जागी नेऊ लागलो आहोत का, जिथे कठडा नसता तर नेले नसते? आणि कठड्याचा एखादा खांब पाच पावसाळ्यांत किती गंजला आहे, हे कोण तपासते?

वीज, मधमाश्या आणि ऊन यांचे नियम तसे सरळ आहेत. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर माथ्यावर असू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजलेल्या दर तीन सेकंदांमागे साधारण एक किलोमीटर अंतर धरावे, आणि मोजणी तीसच्या आत आली की उघडा माथा, एकटे झाड आणि लोखंडी शिडी सोडावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेचा इशारा देणारे दामिनी हे मोफत ॲप फोनमध्ये असावे. आग्या मोहोळ असलेल्या बुरुजाखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य. मार्च ते मे या काळात सकाळी दहाच्या पुढे डोंगराच्या उघड्या सोंडेवर मुलांना चालवू नये, आणि चालताना ज्याला घाम येणे थांबले आहे किंवा जो असंबद्ध बोलतो आहे, त्याला 'नाटक करू नकोस' असे म्हणू नये. हे शेवटचे वाक्य मी कानांनी ऐकले आहे, म्हणून लिहिते.

धोका कोठे आहे हे माहीत असूनही माणसे पुढे का जातात, हा मला सर्वांत अवघड वाटणारा भाग आहे. अमेरिकेतील हिमस्खलनांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या इयन मॅकॅमन यांनी दाखवून दिले, की बळी पडलेल्यांत प्रशिक्षित माणसेही मोठ्या संख्येने असतात आणि त्यांना ज्ञानाची कमतरता नडत नाही. नडते ती ओळखीच्या वाटेवरची बेफिकिरी, ठरवले ते पूर्ण करण्याची ओढ, 'म्होरक्याला कळते' हा समज, आणि समोरून दुसरा गट गेला म्हणजे आपणही जाऊ शकतो हा दिलासा. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची गोष्ट ऐकत आपण मोठे होतो आणि माघार म्हणजे नामुष्की हे समीकरण फार लवकर मनात बसते. लढाईत त्या दोरांचे जे झाले ते झाले. मुलांच्या म्होरक्याचे मुख्य काम मात्र परतीचे दोर राखणे हेच आहे. चढता येणारा कातळटप्पा उतरता येईल का, पुढचा ओढा ओलांडल्यावर मागचा चढला तर आपण मधल्या बेटावर अडकू का, अंधार पडण्याआधी किती वाजेपर्यंत मागे वळले तर गावात पोहोचू, हे प्रश्न त्या जागी पोहोचल्यावर विचारले तर उत्तर नेहमी उत्साहाच्या बाजूने येते. म्हणून परत फिरण्याच्या जागा आणि वेळा आम्ही आदल्या रात्री कागदावर लिहितो आणि त्या मुलांनाही सांगतो. "साडेअकरापर्यंत खिंडीत पोहोचलो नाही तर तिथेच डबा खाऊन परत" हे आधी ऐकलेले मूल साडेअकराला रडत नाही. उलट अकरा वाजल्यापासून तेच घड्याळ बघू लागते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे येथे २२ मार्च १९९३ रोजी घडलेली दुर्घटना मी नव्या मार्गदर्शकांना नेहमी सांगते. आठ शाळकरी मुले, एक शिक्षक आणि एका साहसी केंद्राचे दोन मार्गदर्शक छोट्या होड्या वल्हवत किनाऱ्यालगतच्या गावाकडे निघाले. शिक्षकाची होडी पुन्हा पुन्हा उलटू लागली, एक मार्गदर्शक त्याच्यापाशी थांबला, आणि उरलेल्या एकासह आठही मुले वाऱ्याने खुल्या समुद्रात ओढली गेली. चार मुले मरण पावली. मला खिळवून ठेवते ती वेगळीच गोष्ट : त्या केंद्रात आधी काम केलेल्या मार्गदर्शकांनी आदल्या वर्षीच व्यवस्थापनाला पत्र लिहून, अशाच ढिलाईने एक दिवस जीव जाईल असे कळवले होते. केंद्राच्या प्रमुखाला पुढे तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने मुलांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. महाराष्ट्रातही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतील आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, अशी त्यात तरतूद आहे. नोंदणी असावीच. मात्र नोंदणीचे प्रमाणपत्र समोरचा ओढा चढतो आहे की उतरतो आहे हे सांगत नाही, आणि पालकांनी सही केलेले संमतीपत्र तर मुळीच सांगत नाही.

त्या पत्राच्या गोष्टीमुळेच आमच्याकडे 'थोडक्यात टळलेल्या' प्रसंगांची वही ठेवली जाते. कोणाचा पाय कुठे सुटला, कोणता दगड कोणाच्या डोक्यावरून गेला, हजेरीत एक मूल कमी भरले आणि ते झाडामागे सापडले, असे सगळे त्याच रात्री लिहायचे, आणि लिहिणाऱ्याला कोणी बोलायचे नाही. या वहीतून काही गोष्टी स्वच्छ दिसू लागल्या. बहुतेक नोंदी उतरताना घडलेल्या प्रसंगांच्या होत्या आणि त्यांतल्याही पुष्कळ जेवणानंतरच्या. चौदा-पंधरा वर्षांची मुले एकेकटी असताना जितकी सावध असतात, तितकी मित्रांसमोर राहत नाहीत, हेही वहीने दाखवले. त्यामुळे आता आम्ही या वयाच्या मित्रांच्या जोड्या वेगवेगळ्या तुकड्यांत टाकतो, आणि उतरणीच्या आधी दहा मिनिटे सक्तीने बसवतो.

दुसऱ्या यादीबाबत मी इतकी कडक असले, तरी पहिल्या यादीबाबत मला ढील हवी असते. किंबहुना पालकांना हवी असते त्याहून जरा जास्तच. खरचटणे, भिजणे, वाट चुकणे हे मुलांच्या वाट्याला आले पाहिजे, कारण अठराव्या वर्षी हीच मुले मित्रांबरोबर कोणालाही न विचारता लोणावळ्याला जाणार आहेत, आणि त्या दिवशी त्यांच्यासोबत ताई नसेल. म्हणून सुरक्षित पठारावर आम्ही नकाशा आणि होकायंत्र मुलांच्या हाती देतो आणि ती चुकीच्या सोंडेकडे वळली तरी काही वेळ गप्प राहतो. ओढ्याच्या काठी आधी त्यांनाच विचारतो : काल पाण्याची खूण कुठे होती, आज कुठे आहे, पाय सुटला तर वाहत कुठे जाशील, खाली डोह आहे की कडा? निर्णय माझाच असतो, पण त्यांचे उत्तर ऐकल्यावाचून मी तो सांगत नाही. प्रत्येक मुलाला, कारण न देता, "मला हे करायचे नाही" म्हणण्याचा अधिकार असतो आणि त्यावर हसणाऱ्याला भांडी घासावी लागतात.

आयोजकाची पारख करताना पालकांनी मार्गदर्शकांची प्रमाणपत्रे आणि मुलांमागे मोठ्यांचे प्रमाण विचारावेच, पण माझ्या मते त्याहून उपयोगाचे प्रश्न दुसरे आहेत. याच वाटेवर तुम्ही याच ऋतूत आधी कधी गेला होतात? कोणत्या जागेवरून परत फिरायचे ठरवले आहे? गेल्या पावसाळ्यात कुठून परत फिरलात? वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर आहे का आणि त्याने "नको" म्हटले तर तुम्ही ऐकाल का? सर्वांत मागे कोण चालणार आहे? "आम्ही आजवर कधीच माघार घेतली नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्याचे आभार मानावेत आणि फोन ठेवावा.

आणि पैशांविषयीही विचारावे, संकोच न करता. सहल ऐनवेळी रद्द झाली तर काय, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे तयार नसते, त्याच्या म्होरक्यावर पायथ्याशी उभे असताना बसभाड्याचे ओझे असते. आम्ही मे महिन्यातच बसमालकाशी ठरवून ठेवतो, की शनिवारी रात्री नऊपर्यंत रद्द केले तर तो निम्मेच भाडे घेईल. ते निम्मे मंडळाच्या निधीतून जाते आणि पालकांची वर्गणी पूर्ण परत होते. हे सारे प्रवेशअर्जावरच छापलेले असते. काही पालक दरवर्षी विचारतात, की मग निम्म्या भाड्यात मुलांना निदान एखाद्या रिसॉर्टवर तरी का नेत नाही. त्यांना मी तिथल्या तरणतलावाजवळ जीवरक्षक आहे का, ते आधी विचारून यायला सांगते.